आधी बाईंना बोलवा

लष्कराची एखादी रीत तुम्ही आपलीशी कराल का? युद्धाविरुद्ध पत्रकं वाटणारी मी तरी करणार नव्हते.

आमच्या कार्डिफच्या हॉस्पिटलमधला आचारी पूर्वी फ्रेंच मरीन इन्फन्ट्रीत, म्हणजे एके काळी वसाहती जिंकणाऱ्या पायदळात, होता. दंडावर नांगर गोंदलेला, बोलताना पळीने ठेका धरणारा. त्याच्या रेजिमेंटमध्ये सर्वांत धाकटा सैनिक जेवणाआधी मेनू वाचून, बड्या साहेबापासून सुरुवात करत, सगळ्यांना ‘सुखाने जेवा’ म्हणे. एका शुक्रवारी त्याने, आमच्यात सर्वांत धाकटी म्हणून, मेनू माझ्या हाती दिला.

"वसाहती लुटणाऱ्यांची रीत," मी म्हणाले.

"म्हणून तर उलटी केलीय. वाच."

मेनूखाली सगळ्यांची नावं होती; पहिलं सफाईवाल्या बाईंचं, शेवटचं बड्या डॉक्टरांचं. त्या नेहमीसारख्या झाडूच्या खोलीत एकट्याच सँडविच खात होत्या.

"सूप निवतंय," बडे डॉक्टर कुरकुरले.

"मग त्यांना घेऊन या," त्याने पळी खाली ठेवली.

डॉक्टर गेले. बाई हसत आल्या. मी खणखणीत वाचलं.

तुमच्याकडे फरशी कोण पुसतं? उद्या त्यांना नावाने जेवायला बोलवा.