फळीअलीकडचा खिमलाल

खिमलाल पुनच्या हातात झारा दिला की तो कुठल्याही देशाचं जेवण रांधेल, असं त्याची बायको देउमाया म्हणायची. जपान सरकारचं मत वेगळं होतं. त्याच्या व्हिसावर त्याला एकाच मालकाच्या हॉटेलात करी आणि नान करायची परवानगी होती. स्वतःचं दुकान काढायचं, तर दहा वर्षं नाकासमोर चालायचं आणि मग कायमच्या मुक्कामाचा अर्ज करायचा. नेपाळातल्या त्याच्याच गल्कोट गावचा एक हिरासिंग दोन रविवार मेहुण्याच्या खाण्याच्या गाड्यावर उभा राहिला आणि सरकारने त्याला बॅग भरून परत पाठवलं. तेव्हापासून खिमलालने इतका धसका घेतला होता, की शेजाऱ्याच्या घरी भांडं विसळायचं झालं तरी तो दारातून बाहेर बघून घ्यायचा.

ते राहायचे त्या मारुगामे शहरात, एका मागच्या गल्लीत फुसा इशिगामीचं उदोनचं दुकान होतं. जाड पांढऱ्या शेवया, सुक्या माशांचं सार आणि फळीसमोर सहा स्टुलं, एवढाच पसारा. सगळे तिला मावशी म्हणत. खिमलाल दर मंगळवारी, सुट्टीच्या दिवशी, तिसऱ्या स्टुलावर बसून एक वाडगा मागवायचा आणि वाडग्यापेक्षा तिच्या हातांकडेच जास्त बघायचा.

"मासे किती वेळ भिजवता, मावशी?"

"रात्रभर. मागच्या मंगळवारीही हेच विचारलंस. दुकान काढायचंय का तुला?"

खिमलालचे कान लाल झाले. "काढायचंय. पण कागद यायला अजून सहा वर्षं आहेत."

"सहा! माझे गुडघे तेवढे थांबायचे नाहीत," ती म्हणाली आणि शेवया उपसत राहिली. मग वाडगा भरता भरता म्हणाली, "तोवर बघत जा. बघायला काही परवानगी लागत नाही ना?"

तिथून शिकवणी सुरू झाली. ती फळीच्या आत, तो बाहेर. त्याने कधी चमच्यालाही हात लावला नाही. घरी मात्र तो पिशवीत कणीक घालून पायांनी तुडवायचा, शेगडीवर दोन पातेली अगदी तिथे दिसायची तशी मांडायचा आणि घामाघूम होऊन शेवया कापायचा.

"अहो, आणखी किती वर्षं या दोऱ्या खायच्या? एक दिवस भात दाखवा मला," देउमाया म्हणायची, आणि वाडगा चाटूनपुसून खायची.

चौथ्या वर्षी, ऐन जेवणाच्या गर्दीत, म्हातारीचं मनगट मुरगळलं. सारातला डाव खाली पडला. खिमलाल अर्धा उठला.

"बस खाली!" ती सगळ्यांदेखत खेकसली. "माझ्या एका डावापायी तुझा कागद जाऊ द्यायचा का? बस म्हणते ना!"

तो बसला. ती डाव्या हाताने वाढत राहिली आणि तो मान खाली घालून शेवया गिळत राहिला. त्याला रडू येत होतं, आणि ते तिला दिसत होतं.

तिचा ओसाकातला मुलगा ती जागा गाड्या उभ्या करायला भाड्याने द्यायला टपला होता. ती दर वर्षी "पुढच्या वर्षी" म्हणून त्याला वाटेला लावायची. शेवटी मुलाने निक्षून सांगितलं, या उन्हाळ्यापर्यंत दुकान चालवायला कुणी मिळालं तर ठीक, त्यानंतर थांबणार नाही. त्याच उन्हाळ्यात खिमलालचा कागद आला.

तो सकाळीच धावत गेला आणि सवयीने तिसऱ्या स्टुलावर टेकला.

"आता तिथे काय बसलास? आत ये," मावशी म्हणाली.

सहा वर्षांत पहिल्यांदा तो फळीच्या आत गेला. हात धुतले, ॲप्रन बांधला, शेवया उचलल्या आणि न बघता डावीकडच्या पातेल्यात सोडल्या.

ते उकळतं पाणी नव्हतं, रात्रभर भिजवलेल्या माशांचं सार होतं. अख्ख्या दिवसाचं सार एका क्षणात वाया गेलं.

मीठ घ्यायला हात गेला तिथे कांद्याची पात, झाऱ्याच्या जागी फडकं. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. सहा वर्षं तो तिच्या समोर बसून बघत होता. तिचं उजवं ते त्याला डावीकडे दिसायचं, आणि हातांना तेच वळण लागलं होतं.

"मी सगळं उलटं शिकलो, मावशी," तो कसाबसा म्हणाला. एवढी वर्षं फुकट गेली असंच त्याला वाटलं.

मावशीने दुकान बंद केलं. "उद्या सकाळी ये," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो पाय ओढत आला. आत पाण्याचं पातेलं डावीकडे होतं, साराचं उजवीकडे. मीठ, झारा, फडकं, सगळ्यांनी जागा बदलल्या होत्या. भिंतीवर जुन्या खिळ्यांची भोकं दिसत होती आणि शेजारी नवे खिळे वाकडेतिकडे ठोकलेले होते. दुखऱ्या मनगटाने आणखी कसे ठोकणार!

"पन्नास वर्षं तुमचं सगळं त्या बाजूला होतं, मावशी. आता तुमच्या हाताला कसं लागेल?"

ती फळीबाहेर आली, तिसऱ्या स्टुलावर बसली आणि तिने समोर बघितलं.

"काही अडत नाही. इथून पाणी अजून माझ्या उजवीकडेच आहे," ती म्हणाली. "एक वाडगा दे. भूक लागलीय."