मशीनवालीचा गुरुवार

वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमणारी म्हातारी मंडळी तिला मशीनवाली म्हणत. आपण डॉक्टर नाही, शरीरक्रियाशास्त्रात एम.एस्सी. करतोय, हे तिने पहिल्याच गुरुवारी नीट समजावून सांगितलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि लगेच आपापले गुडघे दाखवायला काढले.

दर गुरुवारी सकाळी लॅबला दोन तासांची दांडी मारून ती रक्तदाब मोजायचं मशीन घेऊन यायची. काम फुकटचं आणि आईच्या मते बिनडोकपणाचं. पुढे प्रबंधाला विषय सापडेना, तेव्हा गाइड मॅडमनीच सुचवलं, की दर आठवड्याला कुणी आस्थेनं विचारपूस केली तर माणसं रक्तदाबाच्या गोळ्या नेमानं घेतात का, हेच बघ. मंडळींनी संमतीपत्रावर हौसेनं सह्या केल्या. सेवाही होतेय आणि पदवीही, म्हणून मशीनवाली स्वतःच्या हुशारीवर खूश होती. वर्षभर तिच्या छापील कागदावर आकडे इतके देखणे उतरले, की मॅडमनी वहीवर ‘आदर्श’ असा शेरा मारला. महिनाअखेर प्रबंध द्यायचा आणि लगेच एका कॉलेजात नोकरीवर हजर व्हायचं, इथपर्यंत सगळं ठरलं.

शेवटच्या आठवड्यात गुरुवारी तिची एका विषयाची तोंडी परीक्षा आली, म्हणून ती न कळवता सोमवारीच गेली. मंडळी पत्ते खेळत होती. तिला पाहून सगळ्यांचे चेहरे पडले. टेलरकाका हे तिथले स्वयंघोषित मॉनिटर. त्यांनी आज मशीनला विश्रांती द्यावी असं सुचवून पाहिलं. तिने त्यांच्याच दंडाला पट्टा बांधला. एकशे ऐंशी. शेजारच्या काकूंचा एकशे पंच्याहत्तर. तिने मशीनचे सेल बदलले. आकडे होते तिथेच राहिले.

“आज तुझा वार नाही गं,” टेलरकाका म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दवाखान्यातून मिळणाऱ्या त्या गोळीनं बहुतेकांचे पाय सुजत. काकांना तर चप्पल चढेना. पण पोरीची पदवी आपल्या आकड्यांवर अडलीय, तिला तोंडघशी कसं पाडायचं? तेव्हा एकमताने ठरलं होतं, की मंगळवार ते गुरुवार गोळी आणि शुक्रवार ते सोमवार सुट्टी. दर मंगळवारी काका घरोघर आठवण करून यायचे. वर्षभरात एकानेही चुकवलं नव्हतं. मंडळी गोळ्या नेमानं घेत होती यात शंकाच नव्हती, फक्त नेम त्यांचा स्वतःचा होता.

“मला सांगितलं का नाही?”

“तुझ्या कागदावर वरचा आकडा होता, खालचा आकडा होता,” काका म्हणाले. “पायाची ओळ नव्हती.”

घरी जाताना वाटेत तिच्या मनात येऊनही गेलं, की गुरुवारचे आकडे खोटे कुठे आहेत? त्याची तिला पुढे बरेच दिवस लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी ‘आदर्श’वर पट्टी धरून सरळ रेघ मारली आणि नव्याने सुरू करायला सहा महिने दिले. नोकरी दुसऱ्या कुणाला गेली. आई दोन दिवस बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी जे बोलली त्यापेक्षा अबोला बरा होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांना मशीनवाली वाचनालयात घेऊन आली. त्यांनी गोळी बदलून दिली आणि रोज घ्यायची असा सगळ्यांना दम भरला.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी ती नवा कागद घेऊन आली. टेलरकाका सर्वांत आधी बसले. नवी गोळी अजून लागू पडायची होती, आकडा वाईटच होता.

“गेले ना तुझे मार्क?”

“गेले.”

“आमच्यामुळे.”

तिला रडू येत होतं आणि ते काकांना दिसू द्यायचं नव्हतं. ती खाली फरशीवर बसली, त्यांची चप्पल काढली आणि घोट्यावर अंगठा दाबून धरला. अंगठा उचलल्यावर तिथे खळगा राहिला. तो भरेपर्यंत तिने सेकंद मोजले आणि कागदावर नव्या ओळीत लिहिले.

“दुसरा पाय,” ती म्हणाली.