सत्तावीस दिवस दारातूनच परत

सैन्यात निवड झाल्याचं कळलं, त्या दिवशी विरारजवळच्या आमच्या बोळिंजमध्ये माझ्याइतका काटक मुलगा दुसरा नसेल. रुजू होण्याचं पत्र यायला मात्र चार महिने लागले आणि तेवढ्यात मी माझी पार वाट लावून घेतली. 'तिकडे काय मिळणार बिचाऱ्याला' म्हणत सगळ्या बिल्डिंगने मला आळीपाळीने जेवायला बोलावलं आणि मीही कुणाचं मन मोडलं नाही. सोसायटीत शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, तेव्हा ती शाल पोटावर पुरेना. पत्र आलं त्या संध्याकाळी मी मैदानावर धावायला गेलो आणि दुसऱ्याच फेरीत बरगडी धरून खाली बसलो. हजर व्हायला चाळीस दिवस उरले होते.

तेव्हापासून एकच भीती मागे लागली. प्रशिक्षण केंद्रात तिसऱ्या आठवड्यात धावण्याची चाचणी असते आणि जो सारखा मागे पडतो त्याला घरी पाठवतात, असं ऐकलं होतं. बाबा मुंबईत कारकून. त्यांनी ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, गावाकडच्या भावकीत पेढे वाटले होते. पोरगा परत येऊ शकतो, पेढे कसे परत आणणार? ताटावर बसलं की मला तेच आठवायचं आणि घास तोंडातच फिरायचा. आई म्हणायची, "आता कुठे जरा अंग धरलंस, तर खाणं का टाकलंस रे?"

घाबरलेला माणूस करतो तेच मी केलं. विरारच्या जीवदानीला नवस बोललो. "आई, माझी लाज राख. मी रोज पळत डोंगर चढून येईन." दुसऱ्या पहाटेपासून बाबांचं घड्याळ मनगटावर बांधून सुरू झालो. हजारावर पायऱ्या! पहिल्या दिवशी तर शेंगदाणे विकणाऱ्या आजीसुद्धा मला मागे टाकून गेल्या. पण आठवड्याभरात दम टिकू लागला आणि माझ्या डोक्यात हवा गेली. वरच्या पायरीला हात लावायचा, घड्याळ बघायचं आणि तसंच वळून दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली. दर्शनाच्या रांगेत थांबलं तर वेळ बिघडायची. त्या वर्षी मंदिराचं काम चाललं होतं, पायथ्याशी विटांचा ढीग असायचा आणि 'भाविकांनी एक वीट वर न्यावी' अशी पाटीही होती. बायाबापड्या, म्हातारी माणसं वीट उचलून चढायची. मी तो ढीगही उडी मारून ओलांडायचो. माझा सराव चालला होता ना!

वीस दिवसांनी नडगी दुखू लागली. घरी बोललो नाही. रुमाल घट्ट बांधून पळत राहिलो, कारण थांबलो तर संपलो असं वाटायचं. सत्ताविसाव्या दिवशी वरून उतरताना दहा-बारा पायऱ्यांवरच डाव्या पायातून अशी कळ गेली की मी कठडा धरून बसलोच. पाय टेकवेना. डोळ्यांपुढे बाबांचा चेहरा आला आणि एवढा मोठा घोडा मी, हुंदके देऊन रडू लागलो.

खालून डोक्यावर रेतीची घमेली घेऊन दोन कामकरी बाया चढत होत्या. धाकटी हसली, "अगं, ह्यो तर आपला घड्यालवाला!" म्हणजे माझं बारसंही होऊन गेलं होतं. थोरलीने घमेलं कठड्यावर टेकवलं, प्लास्टिकची बाटली पुढे केली.

"पानी पी आदी. कनाला रडतंस?"

मी सगळं सांगून टाकलं. सैन्य, चाळीस दिवस, नवस, पाय.

"मंग देवीला सांगितलंस का पाय दुखतो त्यो?"

"नाही... म्हणजे आत गेलोच नाही कधी."

"रोज येतंस नि आत नाय गेलास?" तिने कपाळाला हात लावला. "आन् उतरताना कोन मागं लागतं रे तुज्या? आमी वझं घेऊन चढतो, आमचे पाय नाय मोडत. तू मोकला पलतंस नि मोडून घेतंस."

तिने खांद्याचा आधार दिला आणि त्या दहा-बारा पायऱ्या मला परत वर नेलं. रांगेत उभा राहिलो. आत देवीसमोर पोचलो तेव्हा मागायचं ठरवलेलं सगळं विसरलो; एवढंच म्हणालो, "चुकलो. आता तूच बघ." बाहेर आलो तेव्हा त्या दोघी कामाला लागल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, हाडाला सूज आहे, पळणं बंद. चार दिवस घरी बसा, मग दुखलं नाही तर हळूहळू चाला. उरलेले दिवस मी तसंच केलं. एक वीट घ्यायची, सावकाश चढायचं, दर्शन घ्यायचं, कठडा धरून उतरायचं. भीती गेली असं म्हणणार नाही. ती रोज माझ्यासोबत डोंगर चढायची. पण तिचा ताबा माझ्यावर राहिला नाही.

केंद्रात तिसऱ्या आठवड्यात चाचणी झाली तेव्हा भीती होतीच, पाय मात्र दुखला नाही. शेवटून तिसरा आलो. आमचे प्रशिक्षक उस्ताद वहीतून मान वर न करता म्हणाले, "पास. अगला." त्या एका शब्दासाठी मी भर मैदानात रडलो आणि त्याबद्दल वीस दंडबैठकांची शिक्षाही घेतली.

पहिल्या सुट्टीत आई-बाबांना घेऊन वर गेलो. मंदिराचं काम पुरं झालं होतं, कामकरी पांगले होते. त्या बाईचं नाव विचारायचं राहिलंच. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. कुणीतरी तिला त्या वेळी त्या पायरीवर पाठवलं, एवढं मला पुरतं. आपण धावतो ते आपल्या बळावर असं वाटतं. बळ संपतं तेव्हा कळतं की आपल्याला कुणीतरी धरलेलं होतं.

देवीसमोर आईने ओटी भरली, बाबा हात जोडून पुटपुटत राहिले. मी नुसता बघत उभा होतो. मागण्यासारखं काही आठवेना. पुजारी म्हणाले, "चला, पुढे चला." आयुष्यात पहिल्यांदा मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं.