न दमलेला हात

पन्नाशीनंतर मी संगणकावर वस्तूंची हुबेहूब चित्रे घडवायला शिकले. परवा एका दुकानदारासाठी तांब्याचा हंडा केला आणि संकोचतच शेजारच्या वृद्ध तांबटकाकांना दाखवला. तो दुकानदार पूर्वी त्यांनी हाताने घडवलेलेच हंडे विकत असे. आता असे चित्र दाखवून यंत्रावर घडवलेले विकतो.

काकांनी पडद्यावरच्या हंड्यावरील हातोडीच्या ठोक्यांवरून बोट फिरवले. "बाई, शेवटचा ठोकाही पहिल्यासारखाच? या संगणकाचा हात दमत नाही वाटतं!" ते हसले. दमणे यंत्राला जमत नाही, याचा त्या हसण्यात थोडा दिलासा होता.

घरी येऊन मी काही ठोके तिरपे केले, काही उथळ. हंडा एकदम खरा दिसू लागला.

माणसाचे दमणेही इतक्या सहज उचलता येते, हे मला ठाऊक नव्हते. काकांपाशी तेवढेच उरले होते.