काकीच्या वाट्याची नहर

आमच्या गावात माणसं किती, असं कुणी विचारलं की हल्ली मला रागच येतो. विचारणारा बिचारा कुठल्या तरी ऑफिसचा पोरगा असतो, पवनीहून उन्हातान्हात मोटारसायकल दामटत आलेला. त्याला मी पाणी देतो, चहा देतो आणि उलट विचारतो, बाबा, राहणारी सांगू की नाव असणारी? तो हसतो. त्याला वाटतं म्हातारा गंमत करतो आहे. दिवाळीत यावं तर गल्लीत गाडी वळवायला जागा नसते, आणि धानाची रोवणी आटोपल्यावर यावं तर निम्म्या दारांना कुलपं. यातली लोकसंख्या कोणती धरायची ते त्याच्या साहेबानेच ठरवावं. मला आता कंटाळा आला आहे.

मी गावाचा पाणकर आहे. तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी आणि किती सोडायचं हे बघणारा माणूस. माझ्याआधी वडील होते. या कामात मान बोलण्यापुरता आणि शिव्या पोटभर. ज्याला पाणी आधी मिळतं तो गप्प बसतो, ज्याला उशिरा मिळतं तो माझ्या सात पिढ्या काढतो. हे मी आयुष्यभर ऐकून घेतलं, पण आता गुडघ्यांबरोबर कानही थकले आहेत.

गावाचा इतिहास कुठे लिहिलेला नाही. पण तलावातून निघणाऱ्या नहरीच्या कडेने चालत गेलं की तो कळतो. इथे आधी नुसतं जंगल होतं. पहिल्यांदा तलाव खोदला, मग घरं आली, असं वडील सांगायचे. जसजशी घरं येत गेली तसतशी नहर पुढे सरकली. नव्याने आलेल्या घराने आपल्या बांधीपर्यंत ती स्वतः खोदायची, आणि तेवढा वाटा कायमचा त्या घराचा. म्हणून तलावाच्या तोंडाशी सगळ्यात जुनी घरं आणि टोकाला सगळ्यात नवी. माझ्या वडिलांनी टोकाच्या दोन बांध्या विकत घेतल्या होत्या, आणि आता त्या माझ्या मोठ्या बहिणीकडे आहेत.

दर उन्हाळ्याच्या शेवटी ज्याने त्याने आपला वाटा साफ करायचा. गाळ काढायचा, बेशरमाची झुडपं मुळासकट उपटायची. रोजदार लावायचा नाही, घरचाच हात हवा. दुसऱ्याच्या वाट्याला तर फावडा लावायचाच नाही. फावडा लावतात तो घर बुडाल्यावर, म्हणजे त्या घराचं मागे कुणीच उरलं नाही की. मग तो वाटा शेजारच्या वाट्यात जातो. त्यामुळे जित्या माणसाचा वाटा साफ करणं म्हणजे त्याचं घर बुडालं असं चारचौघांत सांगणं. इतकं वाईट आमच्याकडे भांडणातसुद्धा कुणी बोलत नाही.

लोक गाव सोडायला लागले तशी ही रीत अडचणीची झाली. कुणी नागपूर धरलं, कुणी पुणं, कुणी हैदराबाद. तरी भाऊबंद गावात असले की ते त्या घराच्या नावाने हात चालवतात आणि निभतं. माझ्या शेजारच्या काकीला मात्र भाऊबंद नाहीत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलता मुलगा हैदराबादला कंपनीत लागला, तिकडेच लग्न करून राहिला. मुलगा वाईट नाही. पैसे पाठवतो, दर रविवारी फोन करतो. पण गावाला येणं त्याला जमत नाही, आणि काकी दर वर्षी सांगते की यंदा येणार आहे.

काकी तिचा वाटा स्वतःच साफ करायची. उभं राहवत नसे तेव्हा बसून, पुढे पुढे सरकत, विळ्याने माती खरवडायची. मी जवळून गेलो तर मान वर करत नसे. मदत करू का, असं विचारायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला विचारायचा धीरही नव्हता. या उन्हाळ्यात ती ओसरीवरून पडली आणि तिचं कंबरडं गेलं. तिचा वाटा तसाच राहिला. पावसात त्यात गाळ भरला आणि बेशरमाची झुडपं छातीएवढी वाढली.

पाऊस बरा चालला होता तोवर कुणाला काही वाटलं नाही. पोळ्यानंतर मात्र तो जो गेला तो गेलाच. तलाव भरलेला होता, म्हणून मी निवांत होतो. धान निसवायला आलं तशी तुडुमाची, म्हणजे तलावाच्या तोंडाची, खुंटी काढून पाणी सोडलं. ते काकीच्या वाट्यापर्यंत आलं, तिथे तुंबलं आणि बाजूला तिच्याच पडीक बांधीत पसरलं. तिथे बगळे उतरले. त्याच्या पुढे बहिणीच्या दोन बांध्यांना भेगा पडत होत्या.

बहीण विधवा होऊन माहेरी परतली तेव्हा मी म्हटलं होतं की दोन घास जास्त शिजतील, त्यात काय. ती म्हणाली होती की भावजयीच्या चुलीकडे बघत बसणार नाही, टोकाची जमीन द्या. तेव्हापासून ती आमच्या वाड्यालगतच्या खोलीत वेगळी शिजवते, आपल्या बांधीचा तांदूळ खाते. हे धान गेलं असतं तर तिला माझ्या घरी ताट मांडावं लागलं असतं. मला त्यात काहीच वाटलं नसतं. तिला मरणाहून जड गेलं असतं, हे मला माहीत होतं.

मी मोटर लावायचं बघितलं, पण टोकाकडे विजेची लाइनच नाही. डिझेल इंजिन ज्याच्याकडे होतं त्याचं स्वतःचंच धान पिवळं पडत होतं. गावातल्या दोघातिघांना विचारलं की काय करावं, तर जो तो आपल्या कामाला निघाला. एक जण म्हणाला की पाणकर तुम्ही, तुम्हीच ठरवा. शिव्या खायला आणि ठरवायला गावाला मीच सापडतो.

बहिणीने मला एकदाही म्हटलं नाही की काकीला विचार. ती रोज बांधावर जाऊन यायची आणि गुमान चूल पेटवायची. शेवटी मीच काकीच्या ओसरीवर जाऊन बसलो. ती खाटेवर पडून होती. मी पावसाचं बोललो, तिच्या कमरेचं बोललो, मग नहरीवर आलो.

"पोरगा येते दिवाळीले," काकी म्हणाली. "तोच करन."

"दिवाळीपर्यंत धानाची तणस होते काकी."

काकीने उशाखाली चाचपलं. मग फोन काढून माझ्याकडे दिला आणि लावून दे म्हणाली. तिला ऐकू कमी येतं, म्हणून फोन मोठ्या आवाजावर असतो. पलीकडे यंत्रांचा गोंगाट होता. काकीने मुलाला सांगितलं की पाणकर आपला नहरीचा वाटा साफ करतो म्हणते, करू देऊ का.

"कोणती नहर?" मुलाने विचारलं.

काकीने फोन कानाजवळ नेला, जणू ऐकण्यात चूक झाली असावी. तेवढ्यात त्याला आठवलं. "अरे हो, ते. करू दे ना माय. आपल्याले आता काय करा लागते त्याचं?" मग त्याने गोळ्या घेतल्या का ते विचारलं, कंबर शेकायला सांगितलं आणि ड्युटीवर आहे म्हणून फोन ठेवला. त्याच्या आवाजात काळजी होती. त्याने काही वाईट केलं नव्हतं, आणि तरीही मला त्या क्षणी त्याचा फार राग आला.

"सकाळी ये," काकी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

सकाळी मी आणि बहीण फावडे घेऊन गेलो. गावातले आणखी चार जण न बोलावता आले. बहीण बराच वेळ फावडा धरून नुसती उभी होती. मी पहिला घाव घातल्यावर तीही उतरली. इतके दिवस ज्याचा घोर लागला होता तो वाटा आमच्या अंगणाएवढाही लांब नव्हता. ऊन चढायच्या आत तो मोकळा झाला, पाणी पुढे सरकलं आणि बहिणीच्या पहिल्या बांधीत शिरलं. भेगांमधून बुडबुडे येऊ लागले. बहीण बांधावर बसून रडली. मला हायसं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

तेव्हा काकी आली. काठी टेकत, मधेमधे थांबत, एवढी वाट ती कशी चालली कोण जाणे. आपल्या वाट्याच्या कडेला बसली, पाय पाण्यात सोडले आणि घरून आणलेल्या लोट्याने लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेतलं. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. मसणवटीतून आल्यावर आमच्याकडे घरचे आणि शेजारी जशी आंघोळ करतात तशी. आलेल्या चौघांनी डोक्याची टोपी काढली आणि तसेच उभे राहिले. तिचा मुलगा तिकडे हैदराबादला धडधाकट होता, कामावर होता.

मी तिला हात द्यायला पुढे गेलो. तिने लोटा माझ्यापुढे धरला.

"तू शेजारी आहेस ना आमचा," ती म्हणाली. "तुले भी लागते."

मी चपला काढल्या आणि नहरीत उतरलो.