कस गेलेलं पाणी

तात्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वर्गावर होतो. गावाकडचा माणूस दारात येऊन डोक्यावरची टोपी काढू लागला, आणि मला कळलं... मंद्रूपच्या पलीकडच्या आमच्या गावी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. दहाव्याला मात्र ओढ्याकाठी सारं गाव लोटलं. गावातले सर्वांत मोठे बागाईतदार अण्णासाहेब उठले आणि तात्यांना ‘गावाचं भूषण’ म्हणाले. त्या भिजलेल्या आवाजाची मला शिसारी आली. महिना उलटला तरी ती जात नाही.

तात्या माझे थोरले चुलते. वडील लवकर गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, सोलापूरला हायस्कुलात आणि पुढे पुण्याला कॉलेजात धाडलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. हे सगळं झालं ते आमच्या लाकूड कापायच्या गिरणीवर. आजोबा एका सरकारी तलावाच्या बांधकामावर सुतार होते. तिथे पाण्याने फिरणारं चाक त्यांनी पाहिलं आणि गावी येऊन ओढ्यावरच्या बंधाऱ्याखाली तसंच बाभळीचं चाक बसवलं. पाटाचं पाणी चाकावर पडे, चाक फिरलं की उभी करवत खालीवर होई, आणि तेच पाणी पुढे खालच्या शेतांकडे जाई. आजोबांमागे तात्यांनी ती चालवली. गाड्यांच्या फळ्या, दारांच्या चौकटी, शहरातल्या विणकरांच्या मागांचे खांब... ओढ्याला पाणी असेतो करवतीचा आवाज थांबत नसे.

मी कॉलेजात असताना एका वर्षी खालच्या शेतांतली ज्वारी पोसली नाही. पावसाने ओढ दिली होती, दुसरं काही नाही. पण कुणीतरी म्हणालं की चाक पाण्यातला कस काढून घेतं, आणि गावभर तेच बोललं जाऊ लागलं. सुट्टीत आलो तेव्हा मी पारावर बसून लोकांना शास्त्र समजावलं. एक म्हातारा शांतपणे म्हणाला, “लेकरा, ताक घुसळलं की लोणी निघतं का न्हाय? मग पानी घुसळल्यावर काय निघत आसंल?” सगळे हसले.

तात्यांनी वाद घातला नाही. चाकाच्या खालच्या अंगाला दोन वाफे केले आणि चाकावरून पडलेल्याच पाण्यावर कांदा लावला. कांदा मुठीत मावेना. तो पाटीत भरून त्यांनी पारावर नेऊन ठेवला. “बगा की, ह्याच पान्याचा हाय.” लोकांनी कांदे हातात घेऊन पाहिले, घरीही नेले. दुसऱ्या दिवशी गाव बोलू लागलं की शेतांचा कस काढून तात्या आपल्या वाफ्यात सोडतो, आता तर पुरावाच मिळाला.

पंच बसले. अण्णासाहेबांनी निकाल दिला की चाकाकडे जाणाऱ्या पाटाचं तोंड दगडांनी बुजवायचं आणि पाणी ओढ्यातूनच खाली सोडायचं. मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला चहा दिला. “आरं, मला काय कळत न्हाय व्हय? पान्यात कसबिस काय नसतंय. पर गाव दुखवून मी कुटं जाऊ?” पुढल्या वर्षी वेशीवर त्यांच्या मेहुण्याची इंजिनावर लाकूड कापायची वखार उभी राहिली. म्हाताऱ्याच्या ताकाचा मला कधी राग आला नाही. त्या चहाची चव मात्र अजून तोंडातून जात नाही.

तात्यांनी मग हातकरवत धरली. ओंडका वर आडवा, आपण खालच्या खड्ड्यात उभं राहून ओढायचं, वरून भुसा डोळ्यांत, नाकात... खोकला तिथेच लागला, आणि त्यानेच ते गेले.

दहाव्याला भाषण संपवताना अण्णासाहेबांनी बंधाऱ्यावर तात्यांच्या नावाचा दगड बसवायचं सुचवलं. लोकांनी माना डोलावल्या. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून तात्यांच्या पत्नी, माझ्या काकू, उठल्या. “दगुड नको. तितं आदीच लई दगुड घातल्यात तुमी. तेवढं काडा.” एकाने कावळा शिवला का म्हणून विचारलं, आणि सगळे मोठ्या काळजीने पिंडाकडे बघू लागले.

निघायच्या दिवशी सकाळी मी चाकाकडे गेलो. काकू वाटी घेऊन तिथे बसल्या होत्या आणि चाकाच्या आसाला एरंडेल लावत होत्या. गिरणी बंद पडल्यावरही तात्या रोज सकाळी हे करत, ते मला तेव्हा कळलं. मी हात लावला तर चाक सहज फिरलं, कुरकुरलंसुद्धा नाही. खाली ओढा खडखडीत कोरडा होता.

“हळू फिरीव,” काकू म्हणाल्या. “कुनी बगितलं तर म्हंतील, म्हातारी आता वाऱ्यातला कस काडाया लागली.”