चुकलेला नेम

वडवणीच्या कॉलेजात मी नवीन लागले तेव्हा माझ्या वाट्याला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा शोकांतिकेचा पेपर आला. गावावरची साथ हटवायला खुनी शोधणारा राजा शेवटी स्वतःच खुनी निघतो, असं एक जुनं ग्रीक नाटक मराठी अनुवादातून शिकवायचं, आणि त्याआधी पार्श्वभूमी आणि संज्ञा. अडीच हजार वर्षांपूर्वी डोंगराच्या उतारावर हजारो माणसं उघड्यावर बसून नाटक बघायची, नट मुखवटे घालायचे, गावातल्या माणसांचा एक वृंद मधूनमधून गाऊन आपलं मत सांगायचा, हे सगळं मी फार उत्साहानं सांगायचे. मुलं ऐकून घ्यायची आणि लिहायची मात्र फक्त संज्ञा. परीक्षेत टिपा त्यांच्यावरच यायच्या.

त्या वर्गात एक बाई होत्या. वय एक्केचाळीस, माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. घरचा धंदा मेंढरं राखायचा. लेकीचं लग्न उरकल्यावर त्यांनी बाहेरून बारावी केली आणि मग सरळ कॉलेजात नाव घातलं. मुलं त्यांना मावशी म्हणायची, मग मीही म्हणू लागले. मेंढरं नवऱ्याच्या हवाली करून त्या रोज सकाळची एसटी पकडायच्या आणि पहिल्या बाकावर येऊन बसायच्या.

त्या दिवशी मी गाईडात होतं तसंच सांगत होते, "प्रमाद म्हणजे नायकाच्या स्वभावातला दोष. या दोषामुळे त्याचा नाश होतो." सगळे लिहीत होते. मावशींचा पेन थांबला.

"मॅडम, दोष कावून म्हनायचं?"

"म्हणजे?"

"राजा तर गावाचं बरं करायलाच निघालता की. त्याच्यात खोट काय हाय?"

"तो हट्टी आहे, मावशी. तापट आहे."

"हट्टी तर समदेच असत्यात," त्या म्हणाल्या. मग बोलू का नको असं करत, त्यांनी आपल्या सासऱ्यांची गोष्ट सांगितली.

त्यांच्या सासऱ्यांचा गोफणीचा नेम सगळ्या भागात नावाजलेला होता. एकदा दिवस मावळायच्या टायमाला लांडगा कळपात घुसला. सासऱ्यांनी गोफण फिरवली आणि दगड सोडला. त्याच वेळी त्यांच्या कुत्र्यानं लांडग्यावर झेप घेतली. लांडगा पळाला. सासरे खूश झाले, ओरडून सगळ्यांना सांगू लागले. मग पुढं गेले तर कुत्रा पडलेला. दगड त्याच्या कपाळावर बसला होता.

"आठ वर्सं राखन केली त्यानं. मामंजींनी लांडग्याला दगड मारलता, कळप वाचवाया. त्या दिसापासून गोफण हातात धरली न्हाई, आन त्या कुत्र्याचं नाव बी काढलं न्हाई. आता यात त्यांचा दोष सांगा, मॅडम."

मी फळ्याकडं वळले आणि खडू उचलला. विजय वाटला तोच घात निघाला, हा विपर्यय. पुढं जाऊन पाहिल्यावर जे कळलं, ते अभिज्ञान. ज्या दोन संज्ञा मी आठवडाभर घोकून घेत होते, त्या या बाईंनी दोन मिनिटांत समोर आणून ठेवल्या होत्या. मी "उद्या बोलू" म्हणाले आणि तास संपवला.

संध्याकाळी ग्रंथालयात जाऊन जाडजूड कोश काढला. प्रमाद म्हणून आपण जो शब्द वापरतो, त्याच्या मूळ ग्रीक शब्दाचा पहिला अर्थ तिथं दिला होता: फेकलेल्या भाल्याचा, सोडलेल्या बाणाचा नेम चुकणे. दोष हा अर्थ नंतरच्या लोकांनी चिकटवलेला. मी ते पान तीनदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाले, "कालचं वाक्य खोडा. माझं चुकलं, मावशींचं बरोबर होतं." मावशींनी वाक्य खोडलं नाही, त्याच्याखाली नवं लिहिलं. "चुकलेलं बी ऱ्हाऊ द्या, कळतंय कसं चुकलं ते," म्हणाल्या.

स्नेहसंमेलनात आम्ही त्या नाटकाचा शेवट वाचून दाखवायचं ठरवलं. मावशी वृंदात होत्या. तालमीत मुली ओळी गाण्यासारख्या घोळवायच्या. मावशींनी त्यांना थांबवलं. "राजा चुकतोय ते दिसतंय, पर त्याच्यासमोर बोलायची टाप न्हाई. तसं म्हना." मी दोन दिवस जे समजावत होते, ते मुलींना लगेच जमलं.

वाचनाला त्या सासऱ्यांना घेऊन आल्या. म्हातारा पुढच्या रांगेत, पटका मांडीवर ठेवून, काठीवर हनुवटी टेकून बसला होता. राजाला सगळं उमगतं, तो स्वतःच्याच दारात ओरडतो, तिथं मी वाचणाऱ्या मुलाकडं न बघता म्हाताऱ्याकडं बघत राहिले. म्हाताऱ्यानं पटक्यानं तोंड झाकून घेतलं. शेवटपर्यंत तो काढला नाही.

सोमवारी मावशी वर्गात लवकर आल्या. मी एकटीच होते.

"मॅडम, परवा वाचन झाल्यावर स्टँडवर एसटीची वाट बघत बसलतो. मामंजींनी कुत्र्याचं नाव घेतलं. पिल्लू हुता तवापासूनचं समदं सांगितलं. रडले बी, हसले बी. घरी जाऊन पोटभर जेवले." मग वही उघडत म्हणाल्या, "विरेचन म्हंजी मनात साठलेलं वाहून जानं, त्याची टीप आता पाठ करायची गरज न्हाई मला."

त्या बी.ए.ला फर्स्ट क्लासनं पास झाल्या. बीडला एम.ए. करताहेत, मेंढरं अजून आहेत, एसटीही तीच. गेल्या महिन्यात शोकांतिकेचा पेपर सुरू करायच्या दिवशी मी त्यांना पाहुण्या म्हणून बोलावलं. माझ्या टेबलामागं उभं राहायला त्या आधी तयार होईनात. मग पदर खोचून उभ्या राहिल्या. समोरच्या मुलांनी लगेच पेन काढले.

"वह्या मिटा आदी," मावशी म्हणाल्या. "राजा काय करतो ते बघू. नावं मागनं ठिवू."

मुलांनी माझ्याकडं पाहिलं. मी मागच्या बाकावर बसले होते. मीही माझी वही मिटली.